बिनऔषधाची बशी

"विशू, उगवली का रे मेली ती बुरशी?" आनंदीकाकूंनी प्रयोगशाळेच्या पायरीवरूनच विचारलं.

विश्वंभरने काचेची बशी उजेडात धरली. औषध कालवलेल्या, बुरशी वाढवायच्या खळीवर कोळेरोगाने कुजलेला सुपारीचा तुकडा, आणि भोवती काहीच नाही. दुसरी बशी स्वच्छ. तिसरीही. "पांडुरंगा!" त्याच्या तोंडून निसटलं.

मुंबईहून चाचणीला आलेलं हे प्रतिजैविक लागू पडलं, तर काकूंची वाडी वाचणार होती. पावसाने उघडीप दिलेली. फवारणी आजच हवी. मोरचूद-चुन्याच्या नेहमीच्या निळ्या फवाऱ्याला मात्र काकूंचा ठाम नकार होता. त्यांची सुपारी लक्ष्मीनारायणापुढे जायची. कैलासवासी काका तिथेच कीर्तनाला उभे राहत आणि मागे झांज धरायला विश्वंभर.

"देवापुढे निळी सुपारी ठेवू? त्यापेक्षा वाडी गेलेली बरी," त्या म्हणत.

"बोल की! गुळणी धरलीयस का?" पायरीवरून पुन्हा आवाज आला.

त्याने शेवटची बशी उचलली. तुलनेसाठी ठेवलेल्या हिच्यात औषध नव्हतंच. इथे बुरशीचं पांढरं जाळं माजायलाच हवं होतं. हीही कोरी!

विश्वंभरने बशी खाली ठेवली. नुसतं 'नाही उगवली' म्हटलं असतं, तरी काकू साखर वाटत सुटल्या असत्या.

"काकू, सुपाऱ्या आणल्यात कशा?"

"कशा म्हणजे? देवाच्या वाडीतली वस्तू परक्याच्या हाती तशीच घाणेरडी द्यायची? कढत पाण्यातून काढल्या, हळद लावली, मग डब्यात घालून दिल्या."

"अहो, मग बुरशी तुमच्या चुलीवरच मेली!"

"मेली ना? झालं तर!"

"डब्यातली मेली, काकू. झाडावरची जिवंत आहे. औषधाचं आज काही सांगता येत नाही. पुन्हा चाचणी करीन, पण तोवर घोस गळतील."

काकू पायरीवर बसल्या. "हे असते तर काय म्हणाले असते रे?"

"कीर्तनात त्यांनी कुणाला खोटा धीर दिला नाही."

काकूंनी पायरीवर हात टेकला. मग उठल्या. "गुणाजी गड्याला सांग, मोरचूद भिजव."

दुपारी गुणाजी पंप घेऊन पोफळीवर चढू लागला, तेव्हा काकूंनी पेटीतलं काकांचं कीर्तनाचं उपरणं त्याच्या खांद्यावर टाकलं. "एक घोस देवाचा. फवारा लागू नये असा यात गच्च बांध."

"काकू, ह्ये निळं व्हईल. डाग जायाचा न्हाय."

"होऊ दे."

फवारा सुरू झाला. विश्वंभरने नव्या चाचणीसाठी बुंध्याशी गळलेली एक कुजकी सुपारी चिमट्याने उचलली आणि डबा उघडला. तिला चिखल लागला होता. तो पुसायला काकूंचा पदर सवयीने पुढे आला, आणि तसाच हातात राहिला.