बॅगेतले कपडे

किटलीच्या तळाशी क्षारांचा पांढरा थर साचला होता. रोज एकटीपुरतं, कपभरच पाणी तिच्यात उकळत होतं. पुढचा व्हिसा मिळेपर्यंत राहायचं की परतायचं ते ठरवायचं नाही, म्हणून परदेशात प्रयोगशाळेत काम करणाऱ्या त्या मुलीने कपडेही बॅगेतून काढले नव्हते. आज साहेबांनी सांगितलं, कंपनीने तिच्यासाठी मागितलेला, तिथेच राहून काम करण्याचा व्हिसा मंजूर झाला. खोलीवर येताच तिने किटली लावली आणि आईला फोन करून बातमी सांगितली.

“आता तरी बॅग रिकामी कर. की तिच्याशीच संसार मांडलायस?”

ती हसली. पलीकडे चादर झटकल्याचा आवाज आला.

“काय करतेस गं?”

“तुझी कॉट आवरतेय. दर रविवारी आवरते. अचानक आलीस तर?”

तिने किटली बंद केली.

“आई, ती कॉट मावशीला देऊन टाक. मी इथेच राहणार आहे.”