जोमदार कड

"ताई, हिला काय केलंत तुम्ही?" तपासणीचा कागद बाजूला सारून ऋजुताने काचेची प्लेट उजेडाकडे धरली.

कुमुदिनीबाई हात पुसत आल्या आणि चक्क लाजल्या. "छान झाली ना? तू पुण्याला गेलीस तेव्हा कशी मरतुकडी होती बिचारी! मी बराबर सम्हाळली."

बुरशी प्लेटच्या काठापर्यंत दाट पसरली होती. ऋजुता मटकन स्टुलावर बसली.

आमच्या तुकोगंजच्या लॅबमध्ये बुरश्या जगवायचं काम बाईंचं. म्हणजे प्लेट जुनी व्हायच्या आत तिच्यातला कण उचलून नव्या प्लेटवर लावायचा. कण नेहमी जोमदार कडेचा घ्यायचा, ही बाईंची शिस्त. त्यांच्या हातची बुरशी कधी मेली नाही, आणि हे त्या आल्यागेल्याला ऐकवायच्याही. घरी मात्र बाईंचे यजमान, श्रीहरीकाका, दोन वर्षं अंथरुणाला खिळले होते. बाईंनी काही म्हणजे काही कमी केलं नाही, तरी गेल्या वर्षी ते गेले. तेव्हापासून बाई लॅबमध्ये जरा जास्तच रमायच्या. या रोगट प्लेटला तर "खा गं बाई, खा" म्हणायच्या. आम्ही हसायचो.

ही बुरशी महूच्या शेतातल्या बटाट्यावरची. ती रोगट होती, कारण तिच्यात झाडांना लागणारा विषाणू शिरला होता. बटाट्याला बुरशीने धरायचं आणि बुरशीला झाडांच्याच विषाणूने, आहे की नाही गंमत! याच गोष्टीवर ऋजुताची पीएचडी उभी होती. वडिलांच्या ऑपरेशनसाठी घाईघाईने पुण्याला निघताना ती एवढंच म्हणाली होती, "ताई, हिला जपा."

बाईंनी जपली. दर वेळी जोमदार कड उचलली. आजारी भाग मागे राहिला आणि जुन्या प्लेटांबरोबर फेकला गेला.

"पण मेली तर नाही ना, बेटा?" बाईंना कळेचना.

"मला ती आजारीच हवी होती, ताई. विषाणूच गेला तिच्यातला. आता पुढच्या हंगामात महूला जाऊन पुन्हा शोधायचा. सापडेलच असं नाही." ऋजुताला रडू आवरेना. "चूक माझीच. मी नीट सांगितलं नाही."

बाईंचा चेहरा पार उतरला. "अरे राम! म्हणजे मी तुझं पूरं वाटोळंच केलं की गं."

ऋजुता चिडली असती तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. बाईंना ते सोसलं असतं.

संध्याकाळी टाकाऊ प्लेटा वाफेच्या भांड्यात घालायच्या असतात, बुरशी पुरती मरावी म्हणून. बाईंनी सगळ्या रचल्या. ती एक हातातच राहिली.

"ऋजुता, हीपण?"

"हो ताई. आता तिचा उपयोग नाही."

"बरी झाली होती गं," बाई म्हणाल्या. "माझ्या हातून एक तरी बरी झाली होती."

त्यांनी पदराने प्लेट पुसली, सगळ्यांच्या वर ठेवली आणि झाकण लावलं.