भाच्याच्या नावाची यादी

कळमनुरीच्या एका सरकारी कचेरीत पाच वाजले की खुर्च्या धडाधड मागे सरकत. कोणाला लेकराची शिकवणी गाठायची असे, कोणाला सासूचं औषध न्यायचं असे. निताला कसलीच घाई नसे. चौतीस वर्षांची ही कारकून बाई सहा वर्षांपूर्वी नवऱ्याच्या माराला कंटाळून निघून आली होती आणि भाड्याच्या एका खोलीत एकटीच राहत होती. सगळे गेले की ती कचेरीतल्या कॉम्प्युटरवर मोटारींच्या शर्यतीचा गेम लावी. त्या अर्ध्या तासात तिला कोणी काही विचारत नसे आणि ती मनापासून हसे.

पुढे नवे साहेब आले आणि त्यांनी तो गेम काढून टाकला. बरोबरच केलं म्हणा, कचेरी ती कचेरी! पण निताची संध्याकाळ भलतीच लांबली. मग तिनं ठरवलं, आपलं स्वतःचं मशीन घ्यायचं. आठ महिने तिनं नांदेडहून कॉम्प्युटरची मासिकं मागवून वाचली, पोटाला चिमटा घेतला आणि प्रोसेसरपासून माउसपर्यंत एकेक वस्तू निवडून वहीत यादी केली.

हिंगोलीत ग्यानबाचं दुकान होतं. पूर्वी तो रेडिओ दुरुस्त करी, आता कॉम्प्युटरही जोडून देई. यादी हातात घेत त्यानं विचारलं, "कोणासाठी घेऊन राहिल्या, ताई?"

आठ महिन्यांची सगळी तयारी तिथंच ढासळली. "भाच्यासाठी," निता म्हणाली. "दहावीला आहे."

"दहावीला? मग हे ग्राफिक्स कार्ड काहून? गेम खेळू खेळू नापास व्हईल लेकरू!" ग्यानबानं लाल पेनानं कार्डावर रेघ मारली आणि खाली प्रिंटर लिहिला. ज्याच्यासाठी सगळा खटाटोप, तेच यादीतून गेलं. पण भाचा पुढं केल्यावर निता बोलणार काय?

ग्यानबा मात्र यादी वाचता वाचता थांबला. "पोरगं लई समजदार दिसतं. या वयाची पोरं मशीनचा डब्बा पहिले लाइटवाला मागतात. यानं डब्बा सगळ्यात साधा घेतला आन् गेमच खेळायचा म्हून पैसे बराबर कार्डावर ठेवले. लोडशेडिंगचा इचार करून यूपीएस बी लिहिला." त्यानं चष्म्यावरून तिच्याकडं पाहिलं. "ज्यानं यादी केली त्यालाच घेऊन या. मशीन कोण वापरणार ते कळल्याबिगर मी पार्ट काढत न्हाई."

संक्रांतीचे दिवस होते. निता खोलीवर परतली तेव्हा गल्लीत हळदीकुंकवाची लगबग चालली होती. शेजारची मिराबाई घरोघर बोलावणं करत आली, निताच्या दारापाशी तिची पावलं जरा थांबली आणि पुढं गेली. सहा वर्षं ती अशीच पुढं जात होती. तेवढ्यात लाइट गेली. निता अंधारात बसून राहिली. एकटेपणाची तिला सवय झाली होती. पण आपल्या आनंदालाही दुसऱ्याचं नाव लावावं लागतं, याचं तिला त्या संध्याकाळी फार वाईट वाटलं.

रविवारी ती पुन्हा हिंगोलीला गेली. दुकानात तिच्या माहेरच्या तांड्यावरचे प्रेमदासकाका रेडिओ दुरुस्तीला घेऊन बसले होते. ग्यानबानं विचारलं, "भाचा न्हाई आला?"

"भाचा?" प्रेमदासकाका चमकले. "निते, तू तर थावराची एकुलती एक लेक. तुला भाचा कुठून उगवला?"

निताला चुलतभाचा म्हणता आलं असतं, मानलेला म्हणता आलं असतं. पण यादीवरची ती लाल रेघ समोर दिसत होती.

"भाचा नाही!" ती म्हणाली. "यादी मीच केली. मशीन मलाच पाहिजे. खेळायला!"

"खेळायला?" काकांचा आवाज चढला. "नवरा सोडून आली, वय झालं, आन् आता पोरांवानी गेम? तांड्यात काय सांगू मी?"

"प्रेमदास," ग्यानबानं शांतपणे विचारलं, "तू रोज सांजच्याला काय करतो?"

"मी? लिंबाखाली पत्ते खेळतो."

"कोणाला इचारून?"

"इचारायचं काय त्यात? दिवसभर राबतो मी!"

"आन् ही राबत न्हाई? बाईनं लेकरासाठी मागितलं, भावासाठी मागितलं, तर आपण शाबास म्हणतो. सोतासाठी मागितलं की आपल्याला तकलीफ. हिला खोटं बोलायला आपणच लावलं. मीबी त्यातलाच. कार्डावर रेघ म्याच मारली."

त्यानं प्रिंटर खोडला आणि ग्राफिक्स कार्ड पुन्हा ठळक अक्षरात लिहिलं. प्रेमदासकाका रेडिओची तार चाळवत राहिले.

दुपारपर्यंत मशीन तयार झालं. काका उठले आणि मॉनिटरचा जड खोका उचलून भाड्याच्या जीपकडं चालू लागले. कळमनुरीच्या वाटेवर तो खोका त्यांनी मांडीवरच धरला होता. समोरच्या माणसानं विचारलं, "कोणत्या पोराला घेतलं, मामा?"

निताच्या ओठांवर सवयीनं भाचा आलाच होता.

"पोराला न्हाई," काका म्हणाले. "ही आमची निता. तिला खेळायला घेतलं."

जीपमधलं कोणी हसलं, कोणी नाही हसलं. निता बाहेरच्या हळदीच्या रानाकडं तोंड करून रडली.

मिराबाईची पावलं त्या संध्याकाळीही पुढंच गेली. एका दिवसात गल्ली बदलत नसते. पण वाचकहो, तुमच्याआमच्या गल्लीतही असं एक दार असेल. तिथं जरा थांबा. आतल्या बाईनं स्वतःसाठी काही घेतलं, तर ते कोणासाठी म्हणून विचारू नका. आणि विचारलंच, तर "माझ्यासाठी" हे उत्तर तिला न घाबरता देता येईल, असं तरी आपण वागू या!