सासूबाई विचारतात

नंदिनीला जर्मन येत होतं. चारचौघांत उभं राहून बोलणं मात्र तिला कुठल्याच भाषेत येत नव्हतं. आणि आज संध्याकाळी शाळेत पालकसभा होती.

मार्चमध्ये दक्षिण जर्मनीतल्या एका शाळेत गोळीबार झाला, तेव्हापासून ड्युसेलडॉर्फजवळच्या या गावाची झोप चाळवली होती. शेजारचे हेर, म्हणजे श्रीयुत, क्र्यूगर नेमबाजी मंडळाचे अध्यक्ष. नातवाचे पालक म्हणून आज सभेत ठराव मांडणार होते: शिक्षकांना बंदुका द्या. नंदिनीच्या लेकीच्या, मैथिलीच्या, बाई फ्राऊ लेन्त्स म्हणाल्या होत्या, "तसं झालं तर मी नोकरी सोडेन." वर्षभर वर्गात मुकी बसलेली मैथिली याच बाईंच्या मायेने पाखरासारखी बोलू लागली होती.

त्यात आज खंडेनवमी. वासंतीबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, पाटावर सुरी, इस्त्री आणि मुलाचा लॅपटॉप मांडला, झेंडू वाहिले आणि गुणगुणल्या,

"नवमीच्या गं दिवशी । शस्त्र पाटावर निजलं
झेंडूच्या शालीखाली । त्याचं रागावणं थिजलं"

मग कुंपणापाशी जाऊन म्हणाल्या, "अगं, या क्र्यूगरभाऊंना सांग, तुमची बंदूक घेऊन या. हळदकुंकू लावू."

नंदिनीने खालमानेने सांगितलं. हेर क्र्यूगर फुलले. त्यांच्या बंदुकीला एवढ्या मानाने अलीकडे कुणी बोलावलं नव्हतं. मग चेहरा उतरला.

"त्याचं असं आहे... बंदूक तिजोरीत. बाहेर काढायची तर कुलूपबंद पेटीत, आणि न्यायची मंडळाच्या मैदानावर. पूजा हे कारण कायद्यात बसत नाही."

"मग शाळेत ती बाई कुठे ठेवणार?" वासंतीबाईंनी सहज विचारलं.

"सासूबाई विचारतात..." म्हणत नंदिनीने तेच जर्मनमध्ये सांगितलं. क्र्यूगर डोकं खाजवू लागले. आणि नंदिनीच्या लक्षात आलं, की सासूबाईंच्या नावावर बोलताना आपली मान खाली गेली नाही.

"आई, संध्याकाळी सभेला चला."

"मला काय कळणार तिथलं?"

"कळायला नकोच. मी कोपर लावलं की काहीतरी बोला."

शाळेत पालक चिमुकल्या खुर्च्यांवर अवघडून बसले होते. क्र्यूगर ठराव मांडून बसले. नंदिनीने कोपर लावलं.

"ही खुर्ची आहे की चौरंग? मला उठवायला दोघी लागतील," वासंतीबाई म्हणाल्या.

नंदिनी उभी राहिली. "सासूबाई विचारतात, तिजोरीची किल्ली बाईंच्या गळ्यात राहणार, तर मुलं गळ्यात पडतील तेव्हा काय करायचं?"

पुन्हा कोपर.

"इथे कॉफी देत नाहीत वाटतं."

"सासूबाई विचारतात, बाईंचा एक डोळा सतत दारावर, तर मुलांच्या अक्षराकडे कोण बघणार?"

क्र्यूगरांनी मिशी कुरवाळली. "खरंय... शेजारच्या पूजेला माझी बंदूक नेता येत नाही, ती वर्गात कशी नेणार? ठराव मागे घेतो. पण दारांना आतून कुलपं हवीत. ती तरी मागू."

हात भराभर वर झाले. फ्राऊ लेन्त्स चष्मा पुसत राहिल्या. क्र्यूगर वासंतीबाईंसमोर येऊन वाकले, काहीतरी बोलले.

"काय म्हणतोय गं?"

"म्हणताहेत, तुम्ही फार खोल विचार करता."

"खुर्ची आणि कॉफी, एवढंच तर बोलले मी." वासंतीबाईंनी सुनेकडे निरखून पाहिलं. "माझ्या नावावर खूप बोललीस. आता उभीच आहेस, तर कॉफीचं तुझ्या नावावर विचार."

नंदिनीची मान पुन्हा खाली जाऊ लागली. तरी तिने ती वर केली आणि भरल्या वर्गात, मोठ्याने, स्वतःसाठी कॉफी मागितली.

"मी ठेवते," म्हणत फ्राऊ लेन्त्स उठल्या.