काशम्माला सांगितलेला आकडा

मित्रांनो, मी लॅक्टोमीटर आहे. जुना. दुधात पाणी किती ते सांगणारी काचेची नळी. पोटात शिशाचे छर्रे, वर बारीक मान, मानेत कागदाची पट्टी, पट्टीवर शून्य ते चाळीस. दाट पदार्थात मी वर तरंगतो, पातळात खाली बुडतो. एवढंच मला येतं. माझी गोष्ट दारूची आहे. मुलांना दारूच्या गोष्टी सांगू नयेत म्हणणारी माणसं मी जवळून पाहिली आहेत. त्यांच्या हातात तेव्हा ग्लास होता. म्हणून मी सांगणार.

माझी उमेदीची वर्षं मंद्रूपच्या दूध संकलन केंद्रावर गेली. तिथं प्रभुलिंग मला दुधात सोडायचे, मान वाकवून आकडा वाचायचे आणि वहीत तोच लिहायचे. शाळेत कधी शिकवलं नाही, तरी सगळे त्यांना मास्तर म्हणत. काशम्मा एका म्हशीचं दूध घेऊन यायची. चांगल्या दुधात मी अठ्ठावीसच्या वर राहतो. एकदा तिच्या दुधात मी चोवीसवर बुडालो.

"म्हस लई पाणी प्याली आसंल, मास्तर," काशम्मा म्हणाली.

"म्हशीनं प्यालेलं दुधात उतरत न्हाय, काशम्मा. किटलीत वतलेलं उतरतंय."

रांगेतली माणसं हसली, तीही हसली. पुन्हा तिच्या दुधात मी कधी चोवीसला गेलो नाही. "मास्तरचा आकडा म्हंजे आकडा," असं ती दुसऱ्यांना सांगायची. मला ते ऐकून बरं वाटायचं. काचेलाही वाटतं.

मग दूध संस्थेच्या चेअरमनच्या मेव्हण्याचे कॅन आले. बावीस. चेअरमन म्हणाले, तीस लिहा. मास्तरांनी बावीस लिहिलं. पुढच्या सोमवारी केंद्रावर दुसरा माणूस होता आणि मी मास्तरांच्या खिशात होतो. चोरी म्हणायची तर म्हणा.

दोन वर्षं मी कोनाड्यात गोळ्यांच्या पाकिटांशेजारी पडून राहिलो. मास्तर खुर्चीत पडून राहिले. त्यांच्या बायकोनं, गुरम्मानं, एक दिवस भाकरी थापता थापता म्हटलं, "खरं बोलून घरात बसलाव. आता खोटं बोलून तरी भाईर पडा की." ते वाक्य मी विसरलो नाही.

आम्हाला बाहेर काढलं ते पृथ्वीराजदादानं. कुंभारीजवळ त्याचं शेत, शेतात बंगला, थंडीत तिथं हुरडा पार्टी. येणारे सगळे मोठे. दादाच्या मित्रानं बेल्जियमहून यीस्टचं पाकीट आणलं होतं. घरची बिअर करायची आणि पाहुण्यांना पाजायची, ही दादाची हौस. ती करायला त्यानं मास्तरांना बोलावलं, त्यांच्याबरोबर मला. परवाना नव्हता. गरिबाच्या घरी अशी भट्टी सापडली तर पोलीस मडकी फोडतात. दादाच्या घरी तिला छंद म्हणतात.

वैशाखात मास्तरांनी पाकीट वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं. "दादा, हे यीस्ट ऊन मागतंय. पस्तीस डिग्रीला बी मरत न्हाय. तिकडं शेतावरच्या मजुरांची बिअर ह्याच्यावर करायचे म्हणं."

"मग आपण कोणती करायची?"

"ते ह्यालाच इचारायचं."

आणि त्यांनी खरंच विचारलं. स्टीलच्या तीन डब्यांत तीन कृती. पहिलीत सातूचं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेला सातू, करपवून घातलं. काळी कडू झाली, यीस्टचा वासच मेला. दुसरीत दादाच्या हट्टानं गूळ. ती इतकी दाट की मी चाळीसच्या वर मान काढून उभा, आणि प्यायल्यावर घसा जळायचा. तिसरी मास्तरांची स्वतःची. मालदांडी ज्वारी गोणपाटात भिजवून मोड आणले, गच्चीवर वाळवली, मोड चोळून चोळून काढून टाकले, कारण ज्वारीच्या कोवळ्या मोडात विष असतं. निम्मी ज्वारी, निम्मं सातूचं माल्ट, गूळ नाही. मी अडतीसवर तरंगलो.

यीस्ट साखर खातं तशी बिअर पातळ होते आणि मी खाली उतरतो. चार दिवसांत मी तीसवर आलो. आणि थांबलो. बारा दिवस फेस नाही, काही नाही. दादा म्हणाला, मेलं. मास्तरांनी डबा उचलून पत्र्याच्या खोलीत ठेवला, जिथं उकाड्यानं माणूस बसू शकत नाही. तिथं यीस्ट पुन्हा उठलं आणि मी उतरत उतरत दोनवर आलो. चव मिरीसारखी, लिंबाच्या सालीसारखी. मास्तर इतक्या दिवसांनी हसले. "बेल्जियमचं कशाचं, सोलापूरचंच हाय हे. उन्हाबिगर कामच करत न्हाय."

त्यांनी नियम केला. हे यीस्ट मधेच झोपतं, त्याच्या झोपेला फसायचं नाही. मी पाचच्या खाली आल्याशिवाय बाटली भरायची नाही, नाहीतर उरलेली साखर बंद बाटलीत खाऊन ते बाटली फोडेल. आता काशम्मा दादाच्याच शेतावर कामाला होती. म्हैस गेली होती. बाटल्या धुवायचं आणि भरायचं काम तिचं. तिला माझी पट्टी वाचता येत नव्हती. ती एवढंच विचारायची, "मास्तर, किती?"

जानेवारीत दादानं मोठ्या पिंपात दोनशे बाटल्यांची तयारी केली. कृती तीच, पण ऊन कुठून आणणार? रात्री गारठा. मी तीसवर आलो आणि तिथंच उभा राहिलो. मास्तरांनी फेस बसू दिला, मला गरकन फिरवून पाहिलं. तीस. दोन दिवसांनी तीस.

"रविवारी पाहुणे हायेत, मास्तर," दादा म्हणाला.

"फागणापतुर थांबायला पायजे. न्हायतर पिपाला ऊब द्या."

"फेस हाय का? न्हाय. मग झालंय की. दोन लिहा. का परत कोनाड्यात बसायचंय?"

दादा गेला. काशम्मा हात पुसत आली.

"मास्तर, किती?"

मित्रांनो, मी त्या क्षणी तीसवर उभा होतो. माझ्या मानेभोवती बिअर हलत नव्हती. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"दोन," ते म्हणाले.

"मग भरते," काशम्मा म्हणाली.

रविवारी मोठ्या लोकांनी गोडसर बिअर पिऊन वाहवा केली, हुरडा खाल्ला आणि ते गेले. उरलेले चार क्रेट पत्र्याच्या खोलीत सरकवले. कुणाला ते आठवले नाहीत. मार्चमध्ये पत्रा तापला आणि आत यीस्ट जागं झालं. मास्तरांनी वैशाखात सांगितलं होतं अगदी तसंच. एका दुपारी झाडलोट करताना काशम्मानं क्रेट उचलला. एक बाटली फुटली, तिच्या धक्क्यानं दुसरी. काशम्माचा डावा डोळा गेला.

दवाखान्यात सोड्याची बाटली फुटली असं सांगितलं गेलं. तक्रार कुठंच नाही, कारण बिअर कुठं होतीच नाही. दादानं पिंप धुऊन घेतलं. त्यात आता गुरांना पाणी ठेवतात.

महिन्यानं काशम्मा मास्तरांच्या दारात आली. डोळ्यावर पट्टी. आत आली नाही, उंबऱ्यावर बसली.

"मास्तर, किती व्हता?"

"तीस," मास्तर म्हणाले.

तिनं शिवी दिली नाही. मला वाटलं होतं देईल. ती हिशेब लावत असल्यासारखी जमिनीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मग माज्या म्हशीचं दूध बी आसंच मोजलं का?"

"न्हाय. काशम्मा, न्हाय. ते खरं व्हतं."

मास्तर धडपडत उठले. ग्लासभर पाणी घेतलं, मला कोनाड्यातून काढलं आणि तिच्यासमोर पाण्यात सोडलं. "हे बघ. पाण्यात शून्य. हे खोटं बोलत न्हाय."

मी शून्यावर उभा राहिलो. माझ्या आयुष्यात इतका बरोबर मी कधीच उभा राहिलो नव्हतो.

काशम्मानं एका डोळ्यानं माझ्याकडे पाहिलं. "मला कुटं वाचता येतंय," ती म्हणाली आणि उठून गेली.

माझी आता कुठं गरज नाही. मित्रांनो, जुन्या वस्तू जपा असं सांगायची आमच्यात रीत आहे. मी सांगणार नाही. मी काच आहे, फुटलो तर नवा मिळेल. तुम्ही पट्टी वाचायला शिका. आणि ज्याला वाचता येत नाही असा कुणी हात पुसत तुमच्यासमोर येऊन किती म्हणून विचारेल, तेव्हा माझ्याकडे बघून सांगा.