बाबांचा बल्ब

बाबांना त्यांच्या खोलीतला दिवा मंद होताना दिसायचा आणि घरात दुसऱ्या कुणालाच दिसायचा नाही. झालं, एवढ्यावर घराने निकाल देऊन टाकला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी डोळे ठणठणीत असल्याचं सांगितलं, तेव्हा तर सगळ्यांचे चेहरे आणखीच उतरले. डोळे चांगले म्हणजे बिघाड डोक्यात, असा सरळ हिशेब.

त्याची शिक्षा मिळणार होती चिमीला. मुलगा आणि सून कामावर गेले की दोन वर्षांची चिमी आजोबांजवळ असायची. सोमवारपासून तिला पाळणाघरात ठेवायचं ठरलं. बाबांना हे सांगायचं काम अर्थातच सुनेकडे आलं. असली कामं सुनांनाच का सापडतात, देव जाणे.

रविवारी मशीनमध्ये कपडे टाकून ती त्यांच्या खोलीत गेली. बाबा पलंगावर बसले होते, म्हणून ती त्यांच्या वाचायच्या खुर्चीत टेकली. वर जुना पिवळा बल्ब होता. सगळ्या घरात एलईडी आले तरी बाबांनी हा हट्टाने ठेवला होता, पांढऱ्या उजेडात अक्षरं टोचतात म्हणून. कुठून सुरुवात करावी याचा विचार करत ती त्या बल्बकडे बघत राहिली.

बल्ब मंदावला. सावरला. पुन्हा मंदावला.

"बाबा, आत्ता झालं ते?"

बाबा पलंगावरून पुढे झुकले. "म्हणजे तुलाही दिसतं?" ते म्हणाले. "मला वाटलं, मी गेलो कामातून. पोरीला माझ्याजवळ ठेवू नका, हे मीच सांगणार होतो तुम्हाला."

इतके दिवस हा माणूस एकटाच घाबरत बसला होता आणि त्याच्या खुर्चीत बसून बघायचं कुणाला सुचलं नव्हतं. तेवढ्यात तिला मशीनचा आवाज जाणवला. ड्रम फिरला की बल्ब मंदावायचा, थांबला की सावरायचा. बाबांना ऐकू कमी येतं, त्यामुळे त्यांना हा मेळ कळणं शक्यच नव्हतं. आणि त्यांच्या हाकेला मुलगा धावत यायचा, तोवर ड्रम थांबलेला असायचा.

तिने नवऱ्याला बोलावलं.

"हॉलमध्ये तर सगळं ठीक आहे," तो म्हणाला.

"इथे बस आणि जरा गप्प राहा."

तो बसला. बल्ब दोनदा मंदावला तसा उठला, मशीन बंद केलं आणि वायरमनला फोन लावला.

वायरमनने मीटरजवळचा बोर्ड उघडला. मुख्य तारेचा स्क्रू ढिला होता आणि भोवतीचं प्लास्टिक काळं पडलं होतं. "जड मशीन चाललं की इथे व्होल्टेज पडतं," तो म्हणाला. "तुमचे नवे दिवे ते सांभाळून घेतात. जुन्या बल्बला ते जमत नाही. बरं झालं लवकर बोलावलंत, हे पेटलं असतं."

"बाबा, चुकलंच माझं," मुलगा म्हणाला.

"अरे, माझा तरी कुठे विश्वास होता माझ्यावर," बाबा म्हणाले.

सोमवारी सकाळी सुनेने पेंगुळलेल्या चिमीला उचललं आणि त्यांच्यासमोर आणलं. बाबांनी हात पुढे केले, मग अर्ध्यात थांबवले.

"नक्की ना?"

"धरा लवकर, मला उशीर होतोय," असं म्हणत तिने लेक त्यांच्या हातात दिली आणि चपला घालून निघाली.