दादाची कावीळ टीव्हीवर उतरली

दादाच्या खोलीत पंधरा माणसं दाटीवाटीने उभी होती आणि सगळ्यांचे डोळे भिंतीवरच्या टीव्हीकडे लागले होते. टीव्हीवर व्हिडिओ कॉल चालू होता. एका चौकटीत मंत्राने रोग उतरवणारे बाबा, दुसरीत काविळीने पिवळाधमक झालेला माझा भाऊ. बाबांच्या हुकमावरून वहिनीने त्याच्या मागे पिवळी चादर ताणून धरली. रोगाचा रंग कापड ओढून घेतं म्हणे. बाबा डोळे मिटून पुटपुटले आणि टीव्हीवर दादाच्या चेहऱ्यावरचा पिवळेपणा खरोखर उतरत गेला. शेजारीण रडायलाच लागली. बाबांच्या या उपचाराचा आज पाचवा दिवस होता. दवाखान्यात भरती करा असं सांगून डॉक्टर थकले होते.

मी त्याच सकाळी परगावाहून पोचले होते. व्हिडिओ कॉलचं चित्र तपासणं ही माझी नोकरी. मी टीव्हीकडे पाठ करून दादाकडे पाहिलं, तर त्याच्या डोळ्यांत पांढरं म्हणून काही उरलं नव्हतं.

"वहिनी, तो इथे दोन हातांवर आहे. त्याच्याकडे बघ."

"टीव्हीत बरे दिसतायत हे," ती म्हणाली.

मी चादर काढून घेतली. टीव्हीतला दादा पुन्हा पिवळा झाला. श्रद्धा तुटली की रोग परततो, असं बाबांनी लगेच ठोकून दिलं. मग मी ठणठणीत शेजारणीला कॅमेऱ्यासमोर बसवलं आणि तीच चादर तिच्या मागे धरली. टीव्हीत ती निळसर दिसायला लागली, प्रेतासारखी. कॅमेऱ्याला अक्कल नसते. समोर फार पिवळं दिसलं की उजेडच पिवळा आहे असं समजून तो सगळ्या चित्रातला पिवळा रंग कमी करतो. मी हे सांगेपर्यंत बाबांचं नेटवर्क गेलं होतं.

दुपारी दादाला दवाखान्यात नेलं. "चार दिवस आधी आणायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले. तिसऱ्या दिवशी दादा गेला.

ते चार दिवस मी कुठे होते? त्याच कॉलवर, दुरून बघत. मलाही तो सुधारतोय असं वाटलं, म्हणून निघायला उशीर केला. कामावरच्या चाचणीत आम्ही लोकांना दोन चित्रं दाखवून कुठलं छान दिसतं ते विचारायचो. खरं कुठलं, हे कधी विचारलंच नाही. आता आम्ही चित्रातल्या माणसालाच पडद्याशेजारी बसवतो आणि खरं कुठलं, हे आधी विचारतो.

तुम्हीही विचारा. घरात कुणी आजारी असेल तर पडद्याकडे पाठ करा, त्याच्याकडे नीट बघा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.